टेकडीच्या रस्त्यावरचं दहावं घर

स्वयंपाकघरात प्लास्टिकचे डबे कसे वाढतात हे कुणालाच सांगता येत नाही. आपण एकही विकत आणलेला नसतो, तरी कपाट उघडलं की चार अंगावर पडतात. ऑफिसातल्या किस्स्यांचं तसंच आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून मैत्रिणी आल्या होत्या. "तू सिंगापूरला नक्की करतेस काय गं?" असं त्यांनी विचारलं, मी एकच किस्सा सांगायला गेले, आणि सगळं कपाट खाली आलं. भात गार झाला, वरण परत गरम करावं लागलं. तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

तर मी काय करते? मी, वैशाली, मूळची पुण्याची, सध्या मुक्काम सिंगापुरातलं हौगांग, अमेरिकेतल्या एका तालुक्यातली माणसं नीट जेवतात की नाही ते बघते. हसू नका, पगार मिळतो त्याचा!

तिथे त्याला काउंटी म्हणतात. आम्ही पहिल्या दिवसापासून तालुकाच म्हणतो. डोंगराळ भाग, शेती, तरुण मंडळी शहरात गेलेली. मागे उरलेत म्हातारे, त्यांची कुत्री आणि भलीमोठी घरं. तिथली एक संस्था म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण व्हॅनने घरपोच देते. पुढे कुठल्या रस्त्यावर व्हॅन चालू ठेवायची हे ठरवण्यासाठी संस्थेने पाहणी केली. घरात माणसं किती, खोल्या किती, पाणी विहिरीचं की नळाचं, घर गरम ठेवायला लाकूड की गॅस, दुकान किती लांब, जेवण हवं का. आलेले फॉर्म तपासायचं काम त्यांनी एका कंपनीला दिलं, तिने दुसरीला दिलं, आणि असं घरंगळत ते सिंगापुरातल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आमच्या टेबलावर येऊन पडलं.

आम्ही चौघं. नाडकर्णी मॅडम आमच्या बॉस. मूळच्या पार्ल्याच्या, वीस वर्षं इथे, आता इथल्या नागरिक, बुकित तिमाहला कॉन्डो, म्हणजे महागड्या खाजगी सोसायटीत फ्लॅट. आधी ऑडिटमध्ये होत्या, त्यामुळे नियमावर त्यांची श्रद्धा आहे. शिरीष, कोथरूडचा इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला, नकाशे आणि सॉफ्टवेअर सांभाळतो. मेई लिन, इथलीच, जन्मापासून हौगांगची. आणि मी. फॉर्ममध्ये काही अर्धवट राहिलं असेल तर आम्ही तालुक्यात फोन करून विचारायचं. आम्ही सकाळी आठला हेडसेट चढवतो, तेव्हा तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. म्हणजे आमचा तालुका कायम एक दिवस मागे!

मॅडमचे नियम दोन. पहिला: स्क्रिप्टमध्ये आहे तेवढंच बोलायचं. दुसरा: उत्तर सुचवायचं नाही. "हो म्हणा ना काकू" असं कुणी म्हणालं, की तो फॉर्म बाद.

आणि संस्थेचा नियम एक. एका रस्त्यावरच्या निदान दहा घरांनी 'जेवण हवं' म्हटलं तरच पुढल्या महिन्यापासून त्या रस्त्यावर व्हॅन. टेकडीचा म्हणून एक रस्ता आहे, तालुक्याच्या पार टोकाला. तिथे नऊ घरांनी हो म्हटलं होतं. दहावं घर डॉरिस नावाच्या बाईंचं. त्यांनी अख्खा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला होता आणि जेवणाचा प्रश्न तेवढा कोरा सोडला होता. त्यांचं 'हो' आलं नाही तर उरलेल्या नऊ घरांचंही जेवण बंद. मुदत आमच्या घड्याळाने शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी हसवलं तरी तुमच्या लक्षात राहील.

*

शिरीषला तालुका पाठ आहे. कुठल्या ओढ्यावर पूल, कुठे चढ, पाऊस झाला की कुठला रस्ता बंद, सगळं. एकदा तिकडच्या संध्याकाळी रिकामे डबे गोळा करायला निघालेला व्हॅनचा ड्रायव्हर वाट चुकला आणि वैतागून आमच्या नंबरवर फोन केला. शिरीषने खुर्चीतून न उठता त्याला सांगितलं, "डावीकडे जुनं चर्च दिसेल, तिथे वळू नका, दगडाच्या खाणीपर्यंत सरळ जा." ड्रायव्हर पोहोचला! त्याने विचारलं, "तुम्ही कुठल्या गावचे हो? खाणीकडचे?" शिरीष म्हणाला, "थोडं पलीकडचा."

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही सेरंगूनच्या मॉलमध्ये भेटायचं ठरवलं होतं. एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून उतरलं की वरच मॉल, चुकायला वावच नाही. शिरीष पाऊण तास फिरत होता. तीनदा पार्किंगमध्ये गेला, एकदा बस डेपोत. शेवटी मॅडमनी फोनवर विचारलं, "शिरीष, तू नक्की कुठे राहतोस रे?"

*

पहिल्या आठवड्यातला एक फॉर्म. खोल्या: सात. माणसं: एक.

शिरीष तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होता, तीही दुसऱ्या एकाबरोबर वाटून घेतलेली. त्याला हे पटेना. "टायपिंग मिस्टेक आहे. सात माणसं आणि एक खोली असणार. उलटसुलट झालंय." त्याने संस्थेतल्या जोआनबाईंना रीतसर मेल टाकला, आकडे तपासून कळवावेत. जोआन तिथल्या कामाच्या प्रमुख, भल्या बाई. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: "तपासलं. मी स्वतः जाऊन आले. अजून एकच आहे."

शिरीषने ते उत्तर छापून स्वतःच्या स्क्रीनला चिकटवलं. नंतर असे फॉर्म गठ्ठ्याने आले. पाच खोल्या, माणूस एक. सहा खोल्या, माणसं दोन. आम्ही सरावलो.

*

एका आजोबांच्या फॉर्मवर माणसं दोन आणि नाव एकाचंच. मी फोन केला. दुसरं कोण? तर म्हणाले, "रस्टी." वय? "अकरा." मी खूश झाले, म्हटलं चला, नातवंड आहे सोबतीला! शाळेत जातो का विचारलं. आजोबा म्हणाले, "प्रयत्न केला होता, पण त्याने शिक्षिकेला चावलं."

आता स्क्रिप्टमध्ये व्याख्या अशी, की एका स्वयंपाकघरात शिजलेलं जे खातात ते एक कुटुंब. आजोबांचं म्हणणं, रस्टी माझ्याच ताटातलं खातो, माझ्याच टेबलाशी बसतो, मी व्याख्या वाचूनच फॉर्म भरलाय. मी मॅडमकडे गेले. मॅडमनी दहा मिनिटं विचार केला आणि लेखी आदेश काढला. तो अजून आमच्या भिंतीवर आहे: "कुत्र्यास कुटुंबाचा सदस्य धरू नये, तो टेबलाशी बसून जेवत असला तरी."

*

मेई लिनचं सगळं आयुष्य हौगांगच्या एकाच ब्लॉकमध्ये गेलं. लिफ्टने खाली उतरलं की बाजार, हॉकर सेंटर नावाची खाऊगल्ली, दवाखाना, बस. तिच्या वाट्याला प्रश्न आला होता, "सर्वांत जवळचं किराणा दुकान किती मिनिटांवर?"

पलीकडच्या शेतकऱ्याने सांगितलं, "चाळीस."

मेई लिन हळहळली. "एवढं चालता?"

"गाडीने."

"मग ट्रेनने किती?"

"ट्रेन नाही."

"बस?"

"बस नाही."

मेई लिन स्क्रिप्ट साफ विसरली. "देन हाउ? घरात अंडं संपलं तर हाउ?"

आपल्याला कुणीतरी वेड्यात काढतंय असं शेतकऱ्याला वाटलं असावं. मग समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "बाई, अंडं कोंबडी देते."

*

माझा किस्सा. एक बाई भारी बोलक्या. सगळे प्रश्न झाले, मी आभार मानले, तर म्हणाल्या, "आता मी विचारते. तुझ्या घरात माणसं किती?"

खोटं कशाला बोला? म्हटलं, चार. मी, नवरा, मुलगी आणि सध्या सासूबाई आल्यात.

"खोल्या?"

"तीन. म्हणजे हॉल धरून."

"गाडी?"

"नाही."

"अंगण?"

"नाही. अकराव्या मजल्यावर राहतो."

"मग कपडे कुठे वाळवतेस?"

म्हटलं, बांबूला अडकवून खिडकीबाहेर. मला आमच्या घराचा फार अभिमान आहे हो! दहा मिनिटांवर एमआरटी, खाली बाजार, समोर बाग, नळाला चोवीस तास पाणी. पण हे सांगायला स्क्रिप्टमध्ये जागा नव्हती, आणि बाईंच्या डोळ्यांसमोर अकराव्या मजल्यावरच्या बांबूला लटकलेली मीच आली असावी. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हनी, तुला तिथे कुणी डांबून तर ठेवलं नाही ना? तसं असेल तर फक्त खोक."

मला नेमका तेव्हाच ठसका लागला!

*

आता जरा ऑफिसबाहेरचं, पण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मेई लिनने मला एकदा घरी जेवायला बोलावलं. तिच्या आईने नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती. काय वास होता! मी सकाळपासून पोट राखून ठेवलेलं. पहिलं वाढून झालं, ते मी दोन मिनिटांत संपवलं. आंटी वाडगा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मोर?"

मी अर्थातच म्हणाले, "नो नो आंटी, व्हेरी फुल."

आंटींनी मान डोलावली, वाडग्याला झाकण लावलं आणि तो फ्रिजमध्ये ठेवून दिला.

फ्रिजमध्ये! मी त्या बंद दाराकडे बघत राहिले. आमच्याकडे अशा वेळी वाढणारीने "असं कसं, काहीच जेवला नाहीत" म्हणायचं असतं, आपण हात आडवा धरायचा असतो, तिने हाताच्या बाजूने वाढायचं असतं. हे सगळं राहूनच गेलं. अर्ध्या तासाने निरोप घेतला, लिफ्टने खाली आले आणि तडक हॉकर सेंटरमध्ये जाऊन मोठी प्लेट भात घेतला. चौथा घास तोंडात असताना समोर मेई लिन. ती खाली फळं घ्यायला आली होती.

"तू फुल म्हणालीस ना?"

मी तोंडातला घास गिळून म्हणाले, "हो, पण एकदाच म्हणाले होते!"

*

त्याची फेड गणपतीत झाली. नाडकर्णी मॅडमच्या कॉन्डोत दरवर्षी आम्हा सगळ्यांना मोदकाचं जेवण असतं. ऑफिसात ही बाई स्क्रिप्टमधला स्वल्पविरामही इकडचा तिकडे करू देत नाही. घरी मात्र साडीचा पदर खोचून, हातात तुपाची वाटी घेऊन पंगतीत फिरायला लागली, की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आवाजसुद्धा बदलतो. ऑफिसातला आवाज सरळ रेघेत चालतो, घरचा शेवटाला जरा वर जातो आणि तिथेच थांबून राहतो. त्या थांबण्याला नाही म्हणणं फार अवघड असतं.

मेई लिन दोन मोदक खाऊन म्हणाली, "नो, थँक्यू." मोदक आला. "नो नो, रिअली." मोदक आला, वर तूप. तिसऱ्यांदा तिने ताटावर दोन्ही हात पसरले. मॅडमनी एकेक बोट प्रेमाने उचललं आणि मधल्या जागेत मोदक ठेवला.

"थ्री टाइम्स आय सेड नो!" मेई लिन रडकुंडीला आली. "थ्री टाइम्स! थ्री मोअर कम!"

मी तिला समजावलं. पहिलं 'नको' म्हणजे रीत. दुसरं 'नको' म्हणजे संकोच. तिसऱ्यात माणूस थकलेला असतो.

"देन द रिअल नो इज विच नंबर?"

मॅडम पुढच्या ताटाकडे वळल्या होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "चौथा."

*

हे आठवायचं कारण तो कोरा सोडलेला प्रश्न. तालुक्यातल्या लोकांना काहीही विचारा, सांगतात. उत्पन्न सांगतात, दुखणी सांगतात, छत गळतं ते सांगतात. पण "जेवण हवं का" असं विचारलं की सगळा तालुका एका सुरात म्हणतो, "नको, आमचं बरं चाललंय. गरजूंना द्या." ज्याला त्याला शेजारचा गरजू वाटतो! टेकडीच्या रस्त्यावर नऊ 'हो' जमवायला आम्हाला तीन आठवडे लागले, त्यातले चार तर उतरत्या आवाजात, अपराध केल्यासारखे.

शिरीष एक दिवस वैतागून म्हणाला, "काय माणसं आहेत यार! हवंय तर हवंय म्हणा ना!" आणि पाचच मिनिटांनी त्याच्या आईचा कोथरूडहून फोन आला. चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती आणि बाबा, दोघंच. शिरीष विचारत होता, पैसे पाठवू का, बाई लावू का, डबा लावू का. पलीकडून आवाज ऐकू येत नव्हता, पण शिरीषची उत्तरं ऐकू येत होती. "बरं. नको तर नको. बरं. मजेत ना? बरं." फोन ठेवून तो थोडा वेळ स्क्रीनला चिकटवलेल्या त्या कागदाकडे बघत बसला. मला फार वाईट वाटलं. माझी आईही हेच म्हणते.

*

तर डॉरिसबाई. जोआननी सांगितलं होतं, नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. गाडी तोच चालवायचा. ती आता गॅरेजमध्ये उभी आहे, आणि बाईंना चालवता येत नाही. व्हॅन रोज दारावरून जाते, बाई खिडकीतून हात करतात, पण थांबवत नाहीत. "तुम्हाला फोनवर ते दिसायचं नाही," जोआन म्हणाल्या, "पण त्यांचे कपडे आता त्यांना फार मोठे होतात."

बाई फोन उचलत नव्हत्या. सोमवारी पहिला प्रयत्न, नुसती रिंग. बुधवारी दुसरा, तेच. आमच्याकडे प्रयत्न तीनच. तिसऱ्यालाही उचलला नाही की सिस्टीम आपोआप 'घर रिकामं' अशी नोंद करते. डॉरिसबाई खिडकीत बसलेल्या असताना त्यांचं घर रिकामं ठरणार, आणि टेकडीच्या रस्त्यावरच्या नऊ घरांना पुढल्या महिन्यापासून डबाबंद टोमॅटोवर राहायची पाळी येणार.

शुक्रवारी सकाळी शिरीष म्हणाला, "मिस्ड कॉल देऊ का?"

मेई लिनला मिस्ड कॉल माहीत नव्हता. शिरीषने समजावलं. फोन करायचा, एक रिंग झाली की ठेवायचा. आई म्हणते पोहोचलास की मिस्ड कॉल दे, दूधवाला खाली आला की मिस्ड कॉल देतो, कॉलेजात तर आम्ही तासन्‌तास मिस्ड कॉलवर बोलायचो.

"सो यू कॉल, सो दॅट यू डोन्ट कॉल?"

"एक्झॅक्टली!"

"लाइक दॅट आल्सो कॅन?" मेई लिनने विचारलं, म्हणजे असंही चालतं?

मुद्दा असा, की पाच सेकंदांच्या आत ठेवलेला फोन सिस्टीम प्रयत्न म्हणून धरत नाही. शिरीषने हे शोधून ठेवलं होतं. आम्ही तिघांनी मॅडमकडे बघितलं. स्क्रिप्टमध्ये मिस्ड कॉलला परवानगी नव्हती, बंदीही नव्हती. मॅडम उठल्या, खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "मी जरा बाहेर बघते. मला काही ऐकू येत नाहीये."

शिरीषने एक मिस्ड कॉल दिला. दहा मिनिटांनी दुसरा. मग तिसरा.

साडेनवाला आमचा फोन वाजला. स्क्रीनवर डॉरिसबाईंचा नंबर! मी झडप घालून हेडसेट चढवला.

"एकदाच वाजवून ठेवणारा हा कोण आहे?" बाईंचा आवाज बारीक होता, पण खणखणीत. "अनोळखी नंबर मी उचलत नाही, सगळे काहीतरी विकायला बसलेत. पण विकणारा माणूस एका रिंगमध्ये कधी ठेवत नाही. म्हणून म्हटलं बघावं, कोण एवढं भित्रं आहे!"

शिरीष टेबलाखाली गेला.

*

मी माफी मागितली, संस्थेचं नाव सांगितलं, एक प्रश्न राहिलाय म्हटलं. आणि स्क्रिप्टमधून जसाच्या तसा वाचला. "सोमवार ते शुक्रवार दुपारचं गरम जेवण घरी आणून दिलं, तर तुम्हाला हवं आहे का?"

"नको," डॉरिसबाई म्हणाल्या. "माझं बरं चाललंय. गरज असेल त्यांना द्या."

झालं. बाई, तुमच्या एका शब्दावर नऊ घरं आहेत, हे मला सांगायचं होतं. पण ते सांगणं म्हणजे उत्तर सुचवणं. फॉर्म बाद. मी 'नाही'च्या चौकटीवर बाण नेला आणि तिथेच थांबले.

तेवढ्यात माझ्या कानावरचा हेडसेट कुणीतरी काढून घेतला. मॅडम! त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावर चढवला, केस नीट केले आणि स्क्रिप्टचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. एका ओळीवर बोट होतं. 'उत्तर देणाऱ्यास प्रश्न नीट कळला नाही असे वाटल्यास तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा.'

"गुड ईव्हनिंग, डॉरिस. आय विल रिपीट द क्वेश्चन."

आणि मॅडमनी तोच प्रश्न विचारला. शब्द तेच. स्वल्पविराम तोच. पण आवाज ऑफिसातला नव्हता. शेवटाला जरा वर गेला आणि तिथेच थांबून राहिला. मेई लिनने माझा दंड घट्ट धरला. तिने तो आवाज ओळखला होता.

स्पीकर चालू होता. डॉरिसबाई म्हणाल्या, "नाही हो, खरंच नको. एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला? मी टोस्ट करते. टोस्ट पुरतो मला."

दुसरं नको.

मॅडम थोडं थांबल्या. घाई नाही, चुळबुळ नाही. "आय विल रिपीट द क्वेश्चन," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा एकदा, अगदी सावकाश, तेच शब्द. सोमवार ते शुक्रवार. दुपारचं. गरम. जेवण. त्यांचा डावा हात नकळत उचलला गेला होता, वाटी धरल्यासारखा.

पलीकडे कुठेतरी घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. शिरीष टेबलाखालून बाहेर आला आणि जमिनीवरच बसून राहिला. मॅडम वाट बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की बारा वाजले तरी त्या बघतील.

"बरं," डॉरिसबाई शेवटी म्हणाल्या. "तो तसाही इकडून जाणारच असेल, तर थांबू दे."

मी 'हो'वर क्लिक केलं. स्क्रीनवर टेकडीचा रस्ता हिरवा झाला. मेई लिनने तोंडावर हात दाबून उडी मारली, शिरीष डोळे पुसत होता आणि आपण डोळे पुसत नाही असं दाखवत होता. मी निरोप घ्यायची खूण केली. पण मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. 'हो' म्हणणाऱ्यांसाठी फॉर्मवर खाली आणखी एक प्रश्न असतो.

"जेवणासोबत काही गोड हवं आहे का?" मॅडमनी वाचलं.

"छे छे, गोड अजिबात नको," डॉरिसबाई घाईघाईने म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा नाकावर सारखा केला आणि खुर्ची ओढून नीट बसल्या.

"डॉरिस," त्या म्हणाल्या, "आय विल रिपीट द क्वेश्चन."